अप्पांच्या नावापुढचा आकडा

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठल्या खुनातला पंच कुठल्या दरोड्यात साक्षीला उभा होता, हे विचारलं तर मला जुने कागद काढावे लागतील. एक घटना मात्र तशीच्या तशी लक्षात आहे आणि ती माझ्या नोकरीतली नाही. ती घडली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. अंगावर वर्दी नव्हती, हातात अधिकार नव्हता आणि तिथली भाषा मला 'गुटेन मॉर्गेन'च्या पुढे येत नव्हती. त्यात गुंतलेली माणसं आपापल्या घरी सुखात आहेत, म्हणून नाव कुणाचंच सांगणार नाही.

माझी लेक फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला राहते, आयटी कन्सल्टंट आहे. त्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेलो होतो. दुपारचा चहा होईपर्यंत बाहेर अंधार पडायचा. समोर ऑफिसांच्या काचेच्या इमारती. सगळ्या मजल्यांवर दिवे आणि माणूस एकही दिसायचा नाही. ज्याचं आयुष्य पोलीस ठाण्यात गेलं त्याला आवाजाची सवय असते. वायरलेसची खरखर, कोठडीतल्या दारुड्याचं गाणं, ठाणे अंमलदाराशी तावातावानं भांडणारी सासू-सून. इथं रविवारी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दार वाजवतो. त्या शांततेला मी पहिल्याच आठवड्यात कावलो होतो.

लेकीनं माझा वेळ जावा म्हणून मला एका गटात घातलं. फ्रँकफर्टपासून न्युरेम्बर्गपर्यंतची मराठी कुटुंबं आणि त्यांचे गावाकडचे आईवडील मिळून नामजप करायचे. प्रत्येकानं घरी बसून जप करायचा आणि फोनवरच्या फॉर्ममध्ये यादीतून नाव निवडून आकडा भरायचा. पासवर्ड नाही, ओळख पटवणं नाही. देवाच्या कामात खोटं कोण बोलणार, हा त्यामागचा विश्वास. मी पडलो पोलीस. मला त्या विश्वासाचं हसू आलं होतं.

हे सगळे आकडे जिथं जमायचे तो एक्सेलसारखा तक्ता लेक सांभाळायची. सुरुवातीला त्यात प्रत्येक नोंद दिसत असे, त्यामुळे एकच नाव पानभर पुन्हापुन्हा यायचं. गटातल्या एका काकूंनी तक्रार केली. "अगं, माझं नाव इतक्या वेळा कशाला? मतदारयादी आहे का? एकदाच लिही आणि पुढे बेरीज टाक." म्हणून लेकीनं रोजच्या नोंदींचं पान लपवून टाकलं आणि पुढे एक स्वच्छ पान केलं.

ते कसं चालतं हे तिनं मला दाखवलं. "बाबा, एक सूत्र यादीतलं प्रत्येक नाव एकदाच उचलतं. शेजारी दुसरं सूत्र आहे. ऑफिसच्या जर्मन एक्सेलमध्ये आम्ही त्याला सुमेवेन म्हणतो, इंग्लिशमध्ये समइफ. ते मागच्या पानावर जातं, त्या नावापुढचे सगळे आकडे शोधतं आणि बेरीज करून आणतं. नवीन नावानं कुणी नोंद केली की पुढच्या पानावर आपोआप एक ओळ वाढते."

"म्हणजे हिस्ट्रीशीट," मी म्हणालो. ठाण्यात एकाच माणसाचे गुन्हे वेगवेगळ्या वर्षांच्या रजिस्टरांत पसरलेले असतात. हिस्ट्रीशीटवर त्याचं नाव एकदाच येतं आणि खाली त्याची सगळी कमाई.

"गेनाऊ, अगदी तेच!" लेक हसली. "फक्त आमच्याकडे सगळे सज्जन आहेत."

त्या पानावर तीनच रकाने होते. नाव, एकूण जप आणि संकल्प. संकल्प म्हणजे त्या माणसानं किती जप करायचा ठरवलाय तो आकडा.

या गटात एक अप्पा होते. कऱ्हाडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा एकुलता एक मुलगा न्युरेम्बर्गला पीएच.डी. करत होता. त्याच्याकडे ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आदल्या उन्हाळ्यात राहून गेले, तेव्हा मीही इकडेच होतो. त्यांच्या बोटात अंगठीसारखं जपयंत्र असायचं, बटण दाबलं की टिक् वाजणारं. आम्ही एकदा तळ्याभोवती फिरत होतो. धरणाच्या गेटची काही हकीकत ते सांगत होते आणि मध्येच त्यांची माळ सुरू झाली. तळ्याला पूर्ण चक्कर होईपर्यंत गृहस्थ एक अक्षर बोलले नाहीत. माळ संपली आणि जिथं वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढे म्हणाले, "म्हणून मी त्या इंजिनिअरला सांगितलं, आज गेट उघडायचं नाही." अपुरं काही ठेवायचं नाही, असा त्यांचा स्वभाव होता. त्यांचा संकल्प पाच लाखांचा होता, रोज अकरा माळा.

पाच लाख पुरे व्हायच्या आत, कऱ्हाडला परतल्यावर काही महिन्यांनी, अप्पा हृदयविकारानं गेले. मुलाच्या राहण्याच्या परवान्याची मुदत तेव्हाच संपली होती आणि नवीन कार्ड हातात आलं नव्हतं. देश सोडला तर परत येता येईल याची खात्री कुणी देईना. धावपळ करून कागद मिळेपर्यंत तिकडं सगळं उरकलं होतं. अग्नी पुतण्यानं दिला. नातेवाइकांनी फोनवर त्या पोराला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. महिन्याभरानं त्यानं संशोधन सोडलं, खोली सोडली आणि फोन बंद केला. तो कुठं गेला, कुणालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या मित्रानं न्युरेम्बर्गच्या पोलिसांत खबर दिली. पण सज्ञान माणूस सगळी देणीघेणी नीट आटोपून स्वतःच्या पायांनी गेला असेल तर पोलीस त्याला शोधून ओढून आणत नाहीत. आपल्याकडेही मिसिंगचं रजिस्टर अशा नावांनी भरलेलं असतं. कऱ्हाडला त्याची आई एकटी राहिली.

तक्त्यातलं अप्पांचं नाव तसंच राहिलं. ते काढावं का, असं लेकीनं गटात विचारलं होतं. गेलेल्या माणसाचा जप कसा खोडायचा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

आता खबर कशी मिळाली ते सांगतो. नोकरीत मला खबरी लोकांनी पानाच्या टपरीवर, तमाशाच्या तंबूत, एकदा तर स्मशानात खबर दिली आहे. ही खबर काकूंनी एका शनिवारी पोहे खाताखाता दिली. काकू पुण्याच्या, मुलाकडे फ्रँकफर्टला असतात. जिभेला धार आणि प्रत्येक गोष्टीत शर्यत.

"साहेब, एक विचारू? हसू नका. अप्पा माझ्या पुढे होते ना जपात? ते गेल्यावर मी म्हटलं, वाईट झालं, पण आता त्यांचा आकडा काही हलायचा नाही. दोन महिन्यांत मी गाठीन."

"मग?"

"मी रोज दहा माळा करते. एक दिवस चुकवला नाही. आणि अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय." काकूंनी चमचा खाली ठेवला. "मेलेला माणूस माझ्या पुढे चाललाय, साहेब."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावर थांबलं. काकू थट्टा करत नव्हत्या.

लेकीनं लॅपटॉप उघडला. आम्ही पान बघत होतो तेवढ्यात तरी आकडा हलला नाही, पण गटावर त्या पानाचा जुना एक फोटो होता, त्यातल्या आकड्यापेक्षा आजचा खूप मोठा होता. पहिला संशय सूत्रावर. माझ्या अनुभवात यंत्रावर संशय घेणं माणसांना नेहमी सोयीचं वाटतं. लेकीनं कुणाची नोंद दोनदा मोजली जातेय का ते तपासलं, वेगळ्या रीतीनं बेरीज करून पाहिली.

"बाबा, सूत्र बरोबर आहे," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "आल्झो, म्हणजे बेरीज वाढतेय कारण नोंदी येताहेत."

मग तिनं लपवलेलं पान उघडलं आणि फक्त अप्पांच्या ओळी समोर आणल्या. एकाखाली एक तेच नाव, तोच रोजचा आकडा. ते गेले त्या तारखेच्या वर आणि त्या तारखेच्या खालीही. काकूंनी पदर तोंडाला लावला. खोलीत हीटरचा आवाज तेवढा येत होता. नोकरीत मी बरीच प्रेतं पाहिली आहेत आणि शांत झोपलो आहे. ते पान पाहून मात्र माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

पण भूत असो वा माणूस, पोलिसानं आधी वेळ विचारायची. किती केलं, हे आरोपी कसंही सांगतो. कधी केलं, यात तो सापडतो. प्रत्येक नोंदीशेजारी ती भरल्याची वेळ आपोआप उमटत होती. अप्पा पहाटे जप करायचे. ते कऱ्हाडला असताना त्यांच्या नोंदी इथल्या मध्यरात्रीच्या दिसत, कारण तिकडची पहाट म्हणजे इकडची रात्र. ते गेल्यानंतरच्या नोंदी मात्र इथल्या पहाटेच्या होत्या. जो कोणी अप्पांच्या नावानं बसत होता, तो जर्मनीच्या घड्याळावर उठत होता.

दुसरी गोष्ट काकूंनी पकडली. मृत्यूनंतर काही दिवस ओळी नव्हत्या आणि मग पुन्हा सुरू झाल्या होत्या. काकूंनी बोटांवर मोजलं. "साहेब, हे सुतकाचे दिवस आहेत. सुतक फिटेपर्यंत मोजून जप केला नाही, फिटल्यावर धरला. बाहेरचा माणूस सुतक कशाला पाळेल?"

एखाद्या हवालदारानं एवढं नेमकं निरीक्षण केलं असतं तर मी त्याला बक्षिसासाठी पाठवलं असतं.

सुतक असलेली जवळची माणसं तीन. पुतण्या गटात नव्हता आणि कऱ्हाडला होता. उरली आई आणि उरला तो मुलगा. आईला उगाच आशा लावायची नाही असं मी ठरवलं. मिसिंगच्या केसमध्ये खात्री होण्याआधी घरच्यांना काही सांगणं म्हणजे त्यांच्या तोंडचा घास दुसऱ्यांदा काढून घेणं. मी व्हिडिओ कॉलवर इकडचंतिकडचं बोलत विषय काढला.

"वहिनी, तुम्ही जप करता का हल्ली? अप्पांच्या नावानं वगैरे?"

"नाही हो भाऊजी. मला ते पान उघडायचंच धाडस होत नाही. त्यांचं नाव दिसलं की वाटतं, आत्ता हाक मारतील." मागं स्वयंपाकघराचा कट्टा दिसत होता, त्यावर एकच ताट. "पोराचं काही कळलं का? नसेल तर तसं सांगा. तो नाही असं तरी एकदा कुणी सांगा, म्हणजे मी रडून तरी घेईन."

खोटं बोलणारी माणसं प्रश्नाच्या कडेकडेनं चालतात. ही बाई सरळ मधून चालत होती. मी तिचं नाव संशयितांतून काढलं.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन मी न्युरेम्बर्गची गाडी धरली. बाहेर सगळं धुकं होतं, मधली गावं जणू पुसून टाकली होती. तो मुलगा ज्याच्यासोबत राहायचा तो त्याचा मित्र नागपूरचा, एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्यानं चहा केला, समोर बसला आणि मी विचारण्याआधीच म्हणाला, "सर, मी जप वगैरे काही करत नाही. ते मीच करतो असं वाटत असेल तर नाही."

"जप करतोय असं मी कुठं म्हणालो?"

"ताईंनी फोनवर सांगितलं ना."

मी लेकीकडे पाहिलं. साक्षीदाराला आधी प्रश्न सांगून ठेवायचा नसतो, हे आयटीवाल्यांना शिकवत नाहीत.

"शेवटच्या दिवसांत तो कसा होता?" मी विचारलं.

"शांत, सर. फारच शांत. अप्पा इथून जाताना त्यांचं ते बोटातलं यंत्र याच्याकडे राहिलं होतं. अप्पा वारल्यावर काही दिवस काही नाही. मग एक दिवस पहाटे माझी झोप मोडली. भिंतीपलीकडून टिक्, टिक्, टिक्. अप्पा इथं असताना अगदी असाच आवाज यायचा, सर. क्षणभर मला वाटलं, ते परत आलेत. रोज यायला लागला आवाज. मी त्याला काही बोललो नाही. दुःखाला वेळ द्यावा लागतो."

"आणि जाताना?"

"सगळं रीतसर. खोलीची नोटीस दिली, रंग दिला, चावी दिली. माझ्याकडून घेतलेलं प्रत्येक पुस्तक परत केलं. त्याची सायकल, चांगले बूट, हिवाळी जॅकेट, सगळं लोकांना वाटलं. मी म्हटलं, अरे, थंडीत तू काय घालशील? तर म्हणाला, मला लागणार नाही. यंत्र तेवढं बरोबर घेऊन गेला. मी मेसेज केले, कुठं आहेस, सांग. दोन दिवसांनी फोनच बंद झाला."

मी कप खाली ठेवला. भांडून गेलेला माणूस वस्तू टाकून जातो, चिडून जातो, परत यायची वाट मोकळी ठेवतो. सगळ्यांचं सगळं परत करून, चांगले बूट वाटून जाणारा माणूस वेगळ्या गावाला निघालेला असतो. अशा घरांचे पंचनामे मी केले आहेत. तिथं कपड्यांच्या घड्या नेहमी नीट असतात.

तरीही तो जिवंत होता. त्याच दिवशीच्या पहाटेची नोंद पानावर होती. मग तो थांबलाय कशासाठी, याचा विचार करत मी लेकीला पुढचं पान उघडायला सांगितलं. अप्पांच्या ओळीत एकूण जप आणि संकल्प शेजारीशेजारी होते. लेकीनं वजाबाकी केली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. पाच लाखांना जेमतेम आठवड्याचा जप उरला होता.

बापाला अग्नी देता आला नाही, म्हणून पोरगा बापाचं अपुरं काम पुरं करत होता. ते झालं की तो मोकळा होणार होता. इतके दिवस काकू ज्याच्याशी शर्यत लावत होत्या, तो आकडा म्हणजे त्या मुलाचं उरलेलं आयुष्य होतं.

आम्ही तिथूनच पोलीस ठाण्यात गेलो. मित्रानं भाषांतर केलं. टेबलामागची अधिकारी बाई लेकीच्या वयाची. मेलेला बाप तक्त्यात नोंदी करतोय, अशी सुरुवात ऐकून तिनं पेन खाली ठेवलं. बूट वाटल्याचं ऐकून पुन्हा उचललं. पुढे तिनं एकही शब्द न गाळता सगळं टिपून घेतलं, जिवाला धोका म्हणून शोध सुरू केला. पण फॉर्म उघडणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता आमच्याकडे उमटत नव्हता आणि तो मिळवण्याची कायदेशीर वाट लांब होती. जाताना तिनं माझा हात हातात घेतला. पोलीस पोलिसाला ओळखतो.

संध्याकाळी एश्बॉर्नला आमची बैठक बसली. लेक, काकू आणि मी. लेक म्हणाली, "मी सूत्र बदलते. त्याच्या नोंदीतल्या थोड्याच मोजायच्या. बेरीज कमी दिसेल. त्याला वाटेल अजून बाकी आहे. वेळ मिळेल आपल्याला."

काकू ताडकन उठल्या. "मेलेल्याचा जप चोरायचा? आणि त्यानं स्वतः मोजलं असलं तर? अप्पांचं पोर आहे ते, मोजत असणारच. त्याला कळलं की कुणीतरी बापाच्या नावाशी खेळतंय, तर?"

"मग फॉर्मवर सरळ लिहू, आई वाट बघतेय."

"मित्रानं मेसेज केले, तर त्यानं फोन बंद केला," मी म्हणालो. "लपलेल्या माणसाला आपण दिसलो हे कळलं की तो जागा बदलतो. आज तो निदान या पानावर तरी येतोय."

समोरच्या इमारतीतले दिवे चालू होते आणि आत कुणी नव्हतं. शेवटी मी कऱ्हाडला फोन लावला. आता आईपासून लपवण्यात अर्थ नव्हता, पोर तिचं होतं. मी सगळं सांगितलं, बूट आणि जॅकेटसुद्धा. मला वाटलं होतं, हंबरडा येईल. वहिनींनी फक्त माझ्या लेकीला फोन द्यायला सांगितला.

"बाळा, त्या यादीत माझ्या पोराचं नाव घालता येईल का?"

"येईल, मावशी. पण निरोप वगैरे लिहिला तर बाबा म्हणतात..."

"निरोप नाही लिहायचा. फक्त नाव. आणि पुढं संकल्प, पाच लाखांचा. यांच्याइतकाच. संकल्प मी सोडते आत्ता, त्याच्या नावानं, त्याच्या आयुष्यासाठी. एक माळ मी करते. मग थांबते."

"थांबता? का?"

"पुरा त्यानं करायचा." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "यांनी अर्धी ठेवलेली गोष्ट त्याला बघवत नाही, म्हणून तर बसलाय ना तो? मग स्वतःच्या नावापुढची कशी बघवेल?"

पस्तीस वर्षं मी माणसांना बोलतं करायचे मार्ग शोधले. हा मला सुचला नसता.

तासाभरानं वहिनींची नोंद आली. पुढच्या पानावर सूत्रानं आपलं काम केलं, यादीच्या तळाशी एक नवीन नाव उमटलं. जिवंत मुलाचं नाव, एक माळ, पाच लाखांचा संकल्प. वर मेलेल्या बापाचं नाव, जवळजवळ भरलेलं. दोन्ही ओळी एकाखाली एक बघून काकूंनी नमस्कार केला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही. पहाटे मी आणि लेक स्वयंपाकघरात बसायचो. रोज अप्पांच्या नावानं नोंद यायची आणि खालच्या नावासमोर काही नाही. त्यानं आपलं नाव पाहिलं की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. लेकीची मुलगी शाळेला जाताना विचारायची, "वास माख्ट ईअर दा, आजोबा?" काय करताय म्हणून.

शेवटची नोंद आली ती नेहमीच्या आकड्याची नव्हती. जेवढं उरलं होतं नेमकं तेवढंच. अप्पांच्या नावापुढे पाच लाख उभे राहिले, एकही कमी नाही, जास्त नाही. इतकं नीट केलेलं काम पाहून मला आयुष्यात कधी भीती वाटली नव्हती.

दुसऱ्या पहाटे पान स्तब्ध होतं. तिसऱ्याही. काकू आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. त्यांनी जप सोडून दिला होता. म्हणाल्या, "आता मी त्यांच्या पुढे गेले तर मला ते पाप वाटेल." न्युरेम्बर्गहून त्या अधिकारी बाईंचा फोन आला, अजून काही नाही. मी वहिनींना फोन केला नाही.

त्याच्या पुढच्या पहाटे लेकीनं लपवलेलं पान उघडलं आणि ती नुसती बघत राहिली. सगळ्यात खाली एक नवीन ओळ होती. नाव मुलाचं. आकडा एका माळेचा.

मी लगेच कऱ्हाडला फोन लावला. "वहिनी, खरं सांगा. तुम्ही दुसरी माळ भरलीत का?"

"नाही, भाऊजी. मी थांबलेय म्हटलं ना." मग त्यांना माझा प्रश्न कळला आणि त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, मोकळेपणानं, इतक्या दिवसांचं. इकडे काकूही रडत होत्या. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा माळा आल्या. तिसऱ्या दिवशी अकरा. चौथ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन वाजला, अनोळखी जर्मन नंबर. त्या सांगतात, पलीकडून तो एवढंच म्हणाला, "आई, केवढा मोठा आकडा ठेवलास गं."

त्या म्हणाल्या, "घाई नाही."

तो जर्मनीतल्याच एका छोट्या गावात पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला लागला होता, पाळी सुटली की पहाटे जपाला बसायचा आणि वरच्या माळ्यावरच्या एका खोलीत राहत होता. मित्र त्याला आणायला गेला तेव्हा स्वतःच्या अंगातलं जॅकेट काढून घेऊन गेला. पोलिसांनी रीतसर तो सापडल्याची नोंद केली. पुढे त्यानं डॉक्टरांची मदत घेतली, परवान्याचं कार्ड मिळालं, तो कऱ्हाडला आईकडे जाऊन आला. परतल्यावर आमच्याकडे जेवायला आला. पान वाढताना काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मला मागं टाकणारा तू होय! खा आता गुपचूप." तो हसला. मी त्याला काही विचारलं नाही. जबाब घ्यायची हौस माझी फिटली होती.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. तपासात आम्ही शेवटी बेरीज मांडतो. एकूण गुन्हे, एकूण उघडकीला आलेले. बेरीज खोटी नसते. आमच्या लेकीचं सूत्र शेवटपर्यंत अचूक होतं. पण एक नाव एकदाच लिहिलं की त्यामागे रोज पहाटे कोण जपाला बसतं, ते झाकलं जातं. आता कुणी मला एकूण आकडा दाखवला की मी मागचं पान मागतो. घरातल्या माणसांच्या बाबतीतसुद्धा.

तो तक्ता अजून चालू आहे. त्या मुलाचं नाव त्यात एकदाच दिसतं आणि पुढची बेरीज वाढत असते. पाच लाखांना अजून पुष्कळ वेळ आहे. अधूनमधून मी लेकीला लपवलेलं पान उघडायला सांगतो. त्याच्या नावाची पहिली ओळ आईची आहे, एका माळेची. बाकी सगळ्या त्याच्या.